जी. ए. कुलकर्णी आणि त्यांचे वाचक

बेळगाव-निपाणीच्या टापूने मराठीला जे लेखक दिले, त्यांत जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांचे स्थान आगळे आहे. त्यांचे बालपण व शिक्षण बेळगावात झाले. पुढे इंग्रजीचे अध्यापक म्हणून आयुष्याचा मोठा काळ धारवाडात गेला. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. साहजिकच वाचकांनी त्यांच्याविषयी मत बनविले ते केवळ पुस्तकांवरून, आणि ते मत स्थिर राहिले नाही.

'निळासावळा' (१९५९) व 'पारवा' (१९६०) या संग्रहांनी रसिक भारावून गेला. गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेला सरावलेल्या वाचकालाही दुःखाची एवढी गडद घनता अपरिचित होती. पुढे 'काजळमाया' (१९७२) आली. तिला १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. प्रकाशनवर्षाचा वाद उद्भवताच जी.एं.नी ते परत केले. येथून रूपककथा बळावली आणि वाचकांत दोन तट पडले. 'रमलखुणा'तील (१९७५) 'इस्किलार' व 'प्रवासी' या दीर्घकथा कुणाला शिखर वाटल्या, तर जुन्या चाहत्यांना ओळखीची माणसे हरवल्याची हळहळ वाटली.

याच दशकात दलित व ग्रामीण साहित्याने जोर धरला होता. माणसाच्या विपत्तीचा दोष समाजव्यवस्थेला न देता हा लेखक तो नियतीच्या माथी मारतो, असा आक्षेप आला. तो अगदीच निराधार नव्हे. परंतु घरातल्या घरात होणारी माणसाची घुसमट, विशेषतः स्त्रियांची, त्यांनी ज्या बारकाईने टिपली, तिची नोंद या आक्षेपात होत नाही. शिवाय 'अंधाराचा लेखक' म्हणताना एक गोष्ट निसटते : निळा, हिरवा, रक्तवर्ण, काजळी असे रंग या लेखकाच्या शीर्षकांतच आहेत!

निधनानंतर 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' व पाठोपाठ पत्रसंग्रह प्रसिद्ध झाले, तेव्हा मत पुन्हा पालटले. मिस्कील, मैत्रीला जागणारा, अफाट वाचन असलेला माणूस त्यांतून प्रकटला. 'दुर्बोध' म्हणून बाजूला ठेवलेल्या कथांकडे अनेकजण त्यानंतरच परतले. सीमाभागातील वाचकाला तर त्या आठवणींत स्वतःचेच गाव भेटले : बेळगावचे रस्ते, शाळा, विक्षिप्त शेजारी आणि मराठीच्या कडेने सतत वाहणारी कानडी.