अक्षरांच्या अटीत बसणारा शब्द

ठरावीक अक्षरे असलेला शब्द शोधून काढणे हा आज शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा विरंगुळा आहे. आपल्याकडे मात्र शतकानुशतके हे काम ज्योतिषी आणि गणिती करत आले, आणि तेही निकडीपोटी. मोठमोठ्या आकड्यांची कोष्टके पाठ ठेवायची, तर आकड्यांचे शब्द करणे भाग होते. त्यासाठी घडलेल्या कटपयादि पद्धतीकडे आपण बहुधा गणिताची करामत म्हणून पाहतो. माझ्या मते तिचे खरे मर्म भाषेत आहे. कोणती अक्षरे नियमात बांधायची आणि कोणती मोकळी सोडायची, याचा अचूक अंदाज तिच्या कर्त्यांना होता.

पद्धत सोपी आहे. क, ट, प, य या चौघांची किंमत १; ख, ठ, फ, र यांची २; ग, ड, ब, ल यांची ३; असे वर्णमालेच्या क्रमाने पुढे जायचे. न आणि ञ म्हणजे शून्य. शब्द डावीकडून वाचायचा, पण त्यातून निघणारे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे. ध म्हणजे ९ आणि र म्हणजे २, म्हणून ‘धर’ म्हणजे २९. व्यंजनाला जोडलेल्या स्वराला किंमतच नाही, त्यामुळे धार, धारा, धीर, धुरा हे सगळे २९च. ६५ हवे असतील तर मत, माती, मोती यांतले काहीही चालेल. प्रत्येक अंकाला दोन ते चार व्यंजने आणि वर सगळे स्वर मोकळे, म्हणजे शब्द शोधणाऱ्याला हातपाय हलवायला भरपूर जागा.

ही मोकळीक किती मोलाची होती, हे आर्यभटाच्या पद्धतीशी तुलना केली की कळते. इ.स. ४९९ च्या सुमारास त्याने व्यंजनांना किमती दिल्या आणि स्वरांना स्थानमूल्य. म्हणजे स्वरही बांधले गेले. त्यामुळे एका महायुगातील सौरवर्षांची ४३,२०,००० ही संख्या त्याच्याकडे ‘ख्युघृ’ झाली. थोडक्यात आटोपली खरी, पण अर्थाचा पत्ता नाही आणि उच्चाराला जीभ वळत नाही. सातव्या शतकातील हरिदत्ताच्या ‘ग्रहचारनिबंधन’पासून केरळातील ज्योतिषी कटपयादीकडे वळले. चंद्राचे दैनंदिन स्थान सांगणारी २४८ चंद्रवाक्ये याच पद्धतीत रचलेली आहेत आणि ती परंपरेने वररुचीच्या नावावर आहेत. चौदाव्या शतकातील संगमग्रामच्या माधवाने २४ ‘ज्या’ मूल्यांचे (आजच्या साइनचे) आपले कोष्टकही असेच श्लोकबद्ध केले. पंचांग करणाऱ्याला पोथी उघडावी लागत नसे. वाक्य म्हटले की आकडा हाती.

यावर पहिला आक्षेप असा, की चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४ अशी भूतसंख्या पद्धत असताना हा खटाटोप कशाला? उत्तर लांबीत आहे. भूतसंख्येत एका अंकाला अख्खा शब्द खर्ची पडतो, कटपयादीत एक अक्षर पुरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नकलताना एक अक्षर चुकले की आकडा बिघडतो. पण नुसता आकडा चुकला तर तो चुकला हे कळायला काहीच मार्ग नसतो. शब्द चुकला तर अर्थ किंवा वृत्त अडखळते आणि वाचणारा थबकतो. सगळ्या चुका अशा पकडल्या जात नसतील, पण काही तरी जातात.

तिसरा आक्षेप संगीतातून येतो. व्यंकटमखीने सतराव्या शतकात ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’त कर्नाटक संगीतातील ७२ मेळांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसप्तकांची, योजना मांडली. पुढे मेळांना पहिल्या दोन अक्षरांतून क्रमांक सांगणारी नावे देण्यात आली, तेव्हा जुन्या रागनामांना जोड लावावी लागली. शंकराभरण झाला ‘धीरशंकराभरण’, म्हणजे २९ वा. कल्याणी झाली ‘मेचकल्याणी’, म्हणजे ६५ वी. दोहोंत अंतर बरोबर ३६ चे. त्यामुळे बाकीचे स्वर तेच, फक्त शुद्ध मध्यमाचा तीव्र झाला, हे नावावरूनच काढता येते. हिंदुस्थानी संगीतात बिलावल आणि यमन यांच्या स्वरांत हाच फरक आहे. मात्र सगळीच नावे अशी चोख नाहीत. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरावे असा नियम, आणि ‘रत्नांगी’त तो पाळला जाऊन २ हा क्रमांक मिळतो, पण ‘चक्रवाक’मध्ये तो पाळला तर २६ येतात आणि हवे असतात १६, म्हणून तिथे ‘क’ धरावा लागतो. ही ओढाताण नाकारण्यात अर्थ नाही. पण रूढ नाव आणि ठरलेला क्रमांक दोन्ही सांभाळायचे, तर कुठेतरी तडजोड होणारच, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

१९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा करून आलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी मेळांच्या या विचाराचा आधार घेतला, पण थाट दहाच ठेवले आणि त्यांना ओळखीच्या रागांची नावे दिली. दहा नावांना क्रमांकाची खूण लागत नाही. शिवाय तोवर छापील पुस्तक हाताशी आले होते. अक्षरांच्या अटीतून शब्द काढण्याची मेहनत परवडते ती आकडे फार आणि कागद दुर्मीळ असतो तेव्हा. तशा काळात एकाने शब्द शोधून ठेवला, की पुढच्या अनेक पिढ्यांची आकडेमोड वाचत असे.