किल्ला आणि किल्ली

शाळेत इतिहासाच्या पेपरात मला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. पुढे कॉमर्सला गेलो आणि इतिहासाचा आणि माझा संबंध सुटला. तो पुन्हा जुळला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, एका घोंगडीत तिघेजण बसलेलो असताना.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातला रविवार. मी, सौ., आमच्या शाखेचे हेडकॅशियर आणि त्यांच्या मिसेस असे चौघे सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरलो आणि तिथून बसने अलिबाग गाठलं. संध्याकाळी परत यायचं, म्हणून सामान म्हणजे एक पिशवी, तीत थालीपिठं आणि दह्याचा डबा. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. समुद्र चांगला आत गेलेला होता आणि लोक पायीच किल्ल्यात चालले होते. पाणी घोट्याएवढं. हेडकॅशियर पँट दुमडत म्हणाले, "बघा, होडीचे पैसे वाचले!" बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीचा संशय यायला हवा होता. नाही आला.

किल्ला मात्र बघण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांनी 1680 साली तो बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत काम पुरं झालं. तटाचे प्रचंड दगड नुसते एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो. (आमच्या बिल्डरने आमच्या सोसायटीतही हेच तंत्र वापरलं आहे, पण तिथे पाणी थेट बेडरूममध्ये येतं.) आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात असून पिण्याजोग्या पाण्याची विहीर आहे. थालीपिठं खाऊन आम्ही देवळाच्या सावलीत जरा आडवे झालो. उठलो तेव्हा साडेचार झाले होते आणि दरवाज्यासमोर जिथे रस्ता होता तिथे अरबी समुद्र होता.

एक होडी उभी होती. नावाडी हाका मारत होता. पण आम्ही तेव्हा चूक कोणाची हे ठरवत होतो. सौ.चं म्हणणं, झोपायची कल्पना हेडकॅशियरांची. त्यांच्या मिसेसचं म्हणणं, पायी यायची कल्पना माझी. मी म्हणालो, थालीपिठं तेलकट होती. हा मुद्दा मी काढायला नको होता. तो निकालात निघेपर्यंत वारा सुटला, होडी गेली आणि नावाड्याने लांबूनच 'आता उद्या' अशा अर्थाचा हात केला.

त्या क्षणी हेडकॅशियर मटकन पायरीवर बसले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. मला वाटलं हृदय. हृदय नव्हतं, किल्ली होती.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. आणि किल्ली घेऊन गाव सोडायचं नसतं. सोडायचंच तर रीतसर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन. एका दिवसासाठी कशाला लिहालिही, म्हणून यांनी दिलेली नव्हती. सोमवारी सकाळी दहाला शाखेत पेन्शनर येणार आणि रोकड तिजोरीत राहणार. "मॅनेजरसाहेबांना फोन करा," मी म्हटलं. "काय सांगू? किल्ली समुद्रात आहे म्हणून?" ते म्हणाले. सव्वीस वर्षांची नोकरी, एक मेमो नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं. त्यांचा चेहरा पाहून मला थट्टा सुचेना.

किल्ल्यात तेव्हा दोन-तीन घरं होती. त्यांतल्या एका आजींनी आम्हाला चहा दिला, भात दिला, घोंगडी दिली आणि विचारलं, "आज तिथी कोणती, भाऊ?"

तारीख मला माहीत होती. तारखेवर तर बँक चालते. तिथी सौ.ने सांगितली, "दशमी."

"मग दहाची पाऊणपट किती?"

"साडेसात," मी म्हणालो. बी. कॉम. आहे मी.

"मग साडेसातला भरती. दुपारी सव्वाच्या सुमारास ओहोटी. तुम्ही ओहोटीला आत आलात आणि पाणी चढताना झोपलात!"

एवढंच गणित. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. सहा तास पुढे-मागे ओहोटी. कोकणातल्या पोरांना येतं. आम्ही दोघं बँकवाले व्याजाला चक्रवाढ लावण्यात तरबेज, पण समुद्राचं खातं तिथीवर चालतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "मग रात्री पावणेदोनला पुन्हा ओहोटी!" हेडकॅशियर एकदम उठले. आजी म्हणाल्या, "त्या अंधारात खडकातून मी माझ्या जावयालाही सोडणार नाही." आणि पेल्याने भाताची मूद घातली.

घोंगडीखाली झोप येईना, तेव्हा आजींच्या नातवाने इतिहास सांगायला घेतला. तो कॉलेजात होता. पुढे मी घरी येऊन पुस्तकं चाळली, तर पोरगा खरं बोलत होता.

1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून याच किल्ल्यावर चालून आले. कान्होजी आंग्र्यांना एकट्याने हरवता येत नव्हतं म्हणून दोघांनी भागीदारी केली. इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज टेहळणीला किनाऱ्यावर आला, तर आंग्र्यांच्या एका स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. मॅथ्यूजने चवताळून घोडा मागे घातला, पिस्तूल रोखलं, चाप ओढला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की पिस्तूल भरायचं राहून गेलंय. ("भरायचं राहिलं होय!" हेडकॅशियर अंधारात हळहळले. भरणा राहिला की ते हळहळतातच.) हल्ल्यात पोर्तुगीजांची फळी मोडली, मागोमाग इंग्रज हटले. मग चूक कोणाची यावर भांडण. मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली. खुद्द व्हाइसरॉय आजारी असल्याचं सांगून जहाजावर जाऊन बसला. मॅथ्यूजने तपासायला आपला डॉक्टर पाठवला. डॉक्टरने परत येऊन सांगितलं, यांना काहीही झालेलं नाही. मेडिकल लीव्हचं हे प्रकरण वाचताना मला फार आपलेपणा वाटला.

तोवर एकवीस वर्षांचे बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आले होते. पोर्तुगीजांनी 1722 च्या जानेवारीत मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. कान्होजी 1729 साली वारले, तोपर्यंत किल्ला त्यांच्याकडेच होता.

"म्हणजे यांचीही होडी भांडणातच गेली," सौ. एवढंच म्हणाली. तिच्या शेजारी हेडकॅशियरांच्या मिसेस हसल्या. थालीपिठांचा विषय तिथे मिटला. हेडकॅशियर मात्र रात्रभर तटावर येरझारा घालत होते. मी दोनदा जाऊन त्यांच्याबरोबर चाललो. बोललो नाही काही. पावणेदोनला चंद्र मावळतीला टेकला होता, पाणी पार आत गेलं होतं आणि पलीकडे अलिबागचे दिवे अगदी हाताशी असल्यासारखे दिसत होते. ते बघत उभे राहिले. उतरले नाहीत.

सकाळी सातला, भरतीच्या पाण्यावर, पहिली होडी आली. शाखेत पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. रांग फुटपाथवर गेली होती. मॅनेजरसाहेब काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला. तिजोरी उघडली. एक पेन्शनर म्हातारे हेडकॅशियरांना म्हणाले, "तब्येत बरी नव्हती का हो?" मी डोळ्याने खुणावत होतो की हो म्हणा. व्हाइसरॉयने म्हटलंच होतं. पण ते म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. चूक माझी."

मेमो आला. त्याला त्यांनी खरंखरं उत्तर लिहिलं, मी ते टाइप केलं. कारणाच्या रकान्यात जागा थोडी होती, म्हणून मी एकच शब्द घातला : 'भरती'. कागद वरच्या ऑफिसात गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे; तूर्त कोणत्याही श्रेणीत भरती बंद आहे.