मित्रसंख्या, हर्षद संख्या आणि मम्मटाची कसोटी

संख्यांच्या नात्यांना माणसांच्या नात्यांची नावे देण्याची प्रथा जुनी आहे. २२० ला निःशेष भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान संख्यांची (१, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०) बेरीज २८४ येते. २८४ च्या अशाच विभाजकांची (१, २, ४, ७१, १४२) बेरीज पुन्हा २२०. ग्रीकांनी या जोडीत मैत्री पाहिली. नवव्या शतकात साबित इब्न कुर्रा याने अशा जोड्या मिळवण्याचा नियम सिद्ध केला. अठराव्या शतकात ऑयलरने साठाच्या आसपास जोड्या शोधल्या. तरीही ११८४ आणि १२१० ही छोटी जोडी सर्वांच्या नजरेतून निसटली. ती १८६६ साली निकोलो पागानिनी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने दाखवली.

महाराष्ट्रात ही नाते जुळवण्याची हौस देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आयुष्यभर जोपासली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत अध्यापन केले. त्यांची नाती मात्र विभाजकांवर नव्हे, अंकांच्या बेरजेवर उभी आहेत. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते : २०९ पासून २२०, २६८ पासून २८४. ज्या संख्येला असा जनकच नाही, उदाहरणार्थ २०, ती 'स्वयंभू'. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. २२० हर्षद आहे, तिची मैत्रीण २८४ नाही!

येथे साहित्याच्या अभ्यासकाला मम्मट आठवावा. शब्द बदलून समानार्थी शब्द ठेवला आणि अलंकार टिकला तर तो अर्थालंकार, नाहीसा झाला तर शब्दालंकार. २२० ही संख्या द्विमान पद्धतीत ११०१११०० अशी लिहिली तरी २८४ शी तिची मैत्री अबाधित राहते. पण २७ ही हर्षद संख्या त्याच पद्धतीत ११०११ होते; अंकांची बेरीज ४ येते आणि हर्षदपण संपते. मैत्री अर्थाची, हर्ष लिपीचा.

कापरेकरांच्या कामाला 'निव्वळ करमणूक' म्हणणाऱ्यांचा आक्षेप नेमका हाच होता. तो तर्कदृष्ट्या चूक नाही. पण यमक-अनुप्रासाला केवळ कारागिरी ठरवून ओवी-अभंगांची चिकित्सा पूर्ण होईल काय? १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

खानदेशाला हे नवे वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद करतो, आणि त्यांची 'लीलावती' छंदोबद्ध आहे. दोंडाईच्यातल्या मराठीच्या वर्गात शब्दालंकार शिकवताना फळ्यावर २७ लिहिले, तर ते विषयांतर ठरणार नाही.