गेज, स्कॉर्म आणि ५४ अक्षरांचा भंडारा

मंडळी, या वीकांताला थोडा इतिहास. सुरुवात रेल्वेपासून करतो, विषय मात्र ई-लर्निंगचा आहे.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ब्रॉडगेज. पुढे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून आमच्या भंडारा जिल्ह्यातून राजनांदगावला लाईन टाकली गेली, आणि ती टाकली मीटरगेज! रूळ दोन्हीकडे पक्के, डबेही धडधाकट. पण पूर्वेकडचा माल नागपूरला आला की पोती उतरवा आणि दुसऱ्या गाडीत चढवा. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाईन ताब्यात घेतली आणि ब्रॉडगेज केली. आज वरठीच्या भंडारा रोड स्टेशनातून मुंबई-हावडा गाड्या थेट धावतात, त्या त्यामुळे.

ई-लर्निंगमध्ये हाच घोळ शंभर वर्षांनी झाला. आणि तोही विमान कंपन्यांत. विमान बनवणारे लोक संगणकावर चालणारं प्रशिक्षण देऊ लागले, पण प्रत्येकाचा कोर्स वेगळ्या यंत्रावर चालायचा. चार बनावटीची विमानं घेतली की चार प्रकारची यंत्रं मांडून बसा! म्हणून १८८८ नव्हे, १९८८ साली एआयसीसी नावाची समिती स्थापन झाली. नंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये एडीएल हा उपक्रम सुरू केला आणि २००० साली स्कॉर्मची पहिली आवृत्ती आली. ऑक्टोबर २००१ मध्ये १.२ आली, २००४ मध्ये पुढची. गंमत म्हणजे १.२ अजूनही ठणठणीत आहे. तुम्ही ऑफिसात दरवर्षी 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जो माहिती सुरक्षेचा कोर्स उरकता ना, तो १.२ मध्ये असण्याची शक्यता बरीच.

स्कॉर्म करतं काय? कोर्स म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात एक यादी असते: कोणते धडे आहेत, कुठून सुरू करायचं वगैरे. कोर्स उघडला की तो एलएमएसला सांगतो "मी सुरू झालो", मग "याला ८० गुण मिळाले", शेवटी "मी बंद होतो". बस्स. हा संवाद कसा व्हावा एवढंच ठरलेलं आहे. पडद्यावर काय दिसेल, दोन वर्षांनी दिसेल का, याच्याशी स्कॉर्मला काही देणंघेणं नाही. गेज जुळलं म्हणजे पोत्यातला तांदूळ चांगला, असं थोडंच असतं?

आता मराठी माणसाला नडणारी एक जागा सांगतो. आपण धड्यात कुठपर्यंत आलो, काय उत्तरं दिली हे साठवायला १.२ मध्ये ४०९६ अक्षरांची जागा आहे. बरेच कोर्स मजकूर पाठवण्याआधी त्याचं सांकेतिक रूप करतात. मराठी शब्द असलेली लिंक कुठे चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते, तेच ते. रोमन लिपीतलं एक अक्षर त्यात एकच जागा घेतं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, अनुस्वार नऊ-नऊ जागा खातो. 'भंडारा' म्हणजे भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. सहा गुणिले नऊ, ५४! रोमनमध्ये हाच शब्द आठ अक्षरांत बसतो. म्हणजे ७५ वेळा भंडारा लिहिलं की डबा भरला. मग काही एलएमएस उरलेलं कापून टाकतात, काही घेतच नाहीत, आणि कोर्स अर्ध्यात सोडून जेवायला गेलेला माणूस परत येतो तो पहिल्या पानावर. विक्रेत्याने खरेदीच्या वेळी इंग्रजी नमुना दाखवलेला असतो, तो झकास चालतो.

दुसरा दणका फ्लॅशचा. अडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपवला. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश दाखवणंच बंद केलं. २०२१ मध्येच एका ग्राहकाकडे (नाव नको) मी हे जवळून पाहिलं. कोर्स नव्या एलएमएसवर चढले, यादी वाचली गेली, "मी सुरू झालो" हा निरोपही आला. पडदा मात्र कोरा. स्कॉर्मच्या दृष्टीने सगळं आलबेल! मूळ फाइल्स मागितल्या, तर त्या करारातच नव्हत्या. त्यात मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला, म्हणजे कॉपी करावा तर भलतीच चिन्हं. शेवटी सगळं हाताने टंकायला लागलं.

मोठी कंपनी असलं नुकसान पचवते हो. पण २०१५ नंतर महाराष्ट्रभर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. गावाने शंभर-पाचशे करत जमवलेले पैसे. तिथे गुरुजींना 'स्कॉर्म कंप्लायंट' हा शिक्का दाखवला तर त्यांनी काय तपासायचं? आणि हा शिक्का म्हणजे बऱ्याचदा विक्रेत्याचं स्वतःचं म्हणणं असतं. एडीएलने चाचणीचं सॉफ्टवेअर दिलं होतं, पण ते स्वतःच चालवून स्वतःच निकाल सांगता यायचा.

त्यामुळे मला कुणी विचारलं तर मी आवृत्तीचा नंबर विचारतो, १.२ की २००४. कारण १.२ मध्ये 'पूर्ण केला' आणि 'पास झाला' यांना मिळून एकच रकाना आहे, २००४ मध्ये दोन. मग एक पूर्ण मराठी धडा मागतो, नमुन्याचा नव्हे, विकायचाच. तो आपल्याच एलएमएसवर टाकायचा, मोबाईलवर उघडायचा, मोकळ्या उत्तराच्या चौकटीत चांगलं पानभर मराठी टंकायचं, मध्येच बंद करून दुसऱ्या दिवशी उघडायचं. एक्सएपीआय (२०१३) आणि सीएमआय-५ (२०१६) ही पुढची मानकं आहेत, पण आपल्या एलएमएसला ती कळत नसतील तर उगाच जास्त पैसे मोजू नयेत.

आणि मूळ फाइल्स. युनिकोड मजकुरासकट, करारात लिहून. विक्रेता इथे भाव वाढवतो, म्हणून घासाघीस करायची ती याच ओळीवर.