सिन्हा घराण्याची सरदारकी आणि ‘औरस’ या शब्दाचा अर्थ

सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे नाव आपल्याकडे आठवते ते १९१५च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. १९१९ साली त्यांना ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ ही पदवी मिळाली. हे रायपूर बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले. ब्रिटिशांची वंशपरंपरागत सरदारकी लाभलेले ते एकमेव भारतीय. भारतमंत्र्यांचे उपमंत्री या नात्याने त्याच वर्षीचा सुधारणा कायदा लॉर्डांच्या सभागृहात पुढे नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. कर्तृत्वाने मिळालेल्या या पदवीपेक्षा तिचा पुढचा प्रवास मला अधिक बोलका वाटतो.

अशा पदव्या सनदेतल्या शब्दांवर चालतात. सनदेत सामान्यतः ‘विधिवत विवाहातून झालेले स्वतःच्या देहाचे पुरुष वारस’ एवढ्यांनाच जागा असते. मुलगी बाद, दत्तकही बाद. १९२८ साली सिन्हा वारले. थोरले पुत्र अरुणकुमार हयात होते, पण प्रश्न निघाला तो ‘विधिवत विवाह’ या शब्दांचा.

सत्येंद्र प्रसन्नांचे लग्न १८८० साली हिंदू रीतीने झाले होते. त्यांनी दुसरी पत्नी केली नाही. मात्र तेव्हाचा हिंदू कायदा ती करू देत होता. इंग्रजी न्यायालयाने १८६६ साली, हाइड खटल्यात, यूटामधल्या मॉर्मन लग्नावर आधारलेला घटस्फोटाचा अर्ज फेटाळला होता. त्या नवऱ्यानेही दुसरी बायको केलेली नव्हती. रूढीत तशी मुभा आहे, एवढे कारण पुरले. त्या निकालाची सावली आता सिन्हांच्या वारशावर पडली.

१९३९ साली लॉर्डांच्या विशेषाधिकार समितीने अरुणकुमारांचा हक्क मान्य केला. त्याला आधार सापडला तो ब्राह्मो समाजाचा. अरुणकुमारांचा जन्म १८८७चा. त्याआधीच सिन्हा दांपत्य एकपत्नीव्रत मानणाऱ्या साधारण ब्राह्मो समाजात आले होते. त्यामुळे मुलाच्या जन्मावेळी तो विवाह एकपत्नीकच होता, असे ठरले.

निकाल उदार दिसतो; पण हिंदू विवाह हिंदू म्हणून मान्य करावा की नाही, हा मूळ प्रश्न त्याने टाळलाच. ज्यांच्या हाती साम्राज्याचा कायदा विश्वासाने सोपवला होता, त्यांचे लग्न खरे की नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी ठरले, तेही त्यांच्या धर्मश्रद्धेचा दाखला काढून. साताऱ्याचे राज्य १८४८ साली दत्तक नामंजूर करून खालसा झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे दत्तक पुत्र पुरला नाही. इथे पोटच्या पुत्रालाही औरसपण सिद्ध करावे लागले. दोन्हीकडे ‘वारस कोण’ याचा अर्थ लावण्याचा अधिकार घराण्याबाहेर होता.

१९९९च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहात बसण्याचा हक्क गेला. सिन्हांची पदवी राहिली. जिच्यासाठी वारशाचा दावा लढवला, ती जागा मात्र साठ वर्षेच टिकली.