खेळाडूंच्या बदल्या : होळकरांच्या इंदूरपासून चेपॉकपर्यंत

क्रिकेटचा हंगाम संपला म्हणजे खेळ थांबतो, पण खेळाविषयीचे बोलणे थांबत नाही. किंबहुना त्याला खरा बहर तेव्हाच येतो. कोणता खेळाडू कोणता संघ सोडणार, कोणाच्या बदल्यात कोण येणार, कोणत्या प्रशिक्षकाला नारळ मिळणार, याविषयी इतक्या कंड्या पिकतात की, प्रत्यक्ष सामन्यांपेक्षा त्यांतच लोकांना अधिक गोडी वाटावी. २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईकरांनी हा अनुभव पुरेपूर घेतला. चेन्नई सुपर किंग्जचा अष्टपैलू खेळाडू रवींद्र जडेजा राजस्थान रॉयल्सकडे जाणार आणि तिकडून संजू सॅमसन इकडे येणार, ही वार्ता कित्येक दिवस हवेत तरंगत होती. १५ नोव्हेंबरला ती खरी ठरली. जडेजाबरोबर सॅम करन हा इंग्लिश खेळाडूही राजस्थानकडे गेला. अशा वेळी नेहमी निघतो तो उद्गार सर्वत्र निघाला : ‘पूर्वी असे नव्हते. पूर्वी खेळाडू एका संघाचा होऊन राहत असे. आता सगळा बाजार झाला!’

पूर्वी खरोखरच असे नव्हते काय, हे इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ क्रिकेटशौकिनांचा आहे असे मला वाटत नाही. नोकरीच्या, धंद्याच्या किंवा बदलीच्या निमित्ताने स्वतःचा मुलूख सोडून दक्षिणेत स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे. गाव सोडणारा माणूस निष्ठा सोडतो काय, हाच तो प्रश्न.

राजाश्रयाचा काळ

भारतीय क्रिकेटचा पाया जितका मुंबईच्या मैदानांवर घातला गेला, तितकाच संस्थानिकांच्या दरबारातही घातला गेला. ज्याप्रमाणे तंजावरच्या मराठी राजांकडे दूरदूरचे गायक व पंडित आश्रयाला येत, त्याचप्रमाणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंदूर, बडोदे, पतियाळा येथील राजांकडे खेळाडू येत. खेळाडूला पोटाची चिंता राहत नसे आणि राजाला कीर्ती लाभत असे.

या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण कर्नल सी. के. नायडू यांचे. ते तेलुगू घराण्यातले, परंतु त्यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला व तेथेच ते वाढले. १९२३ साली होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला, त्याचे कर्णधार हेच. नागपूर सोडल्याबद्दल त्यांना कोणी बोल लावल्याचे ऐकिवात नाही. उलट त्यांच्याभोवती इंदुरात जो संघ उभा राहिला, तो भारतीय क्रिकेटमधील एक आश्चर्य ठरला. खुद्द इंदूरचे मुश्ताक अली त्यात होते. सागरचे चंदू सरवटे आणि मुंबईचे खंडू रांगणेकर बाहेरून येऊन त्यात सामील झाले. महायुद्धाच्या काळात लष्करी सेवेनिमित्त महू येथे आलेला इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन हाही १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकर संघाकडून खेळला व त्याने नाबाद २४९ धावा केल्या. सामना मात्र मुंबईने जिंकला. पुढे होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक पटकावला. नायडू स्वतः नंतर आंध्रकडून आणि वयाची साठी उलटल्यावर उत्तर प्रदेशाकडूनही खेळले!

दुसरे उदाहरण सांगलीचे विजय हजारे यांचे. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. ज्या संघाविरुद्ध ते काढले, तो संघ होता बडोद्याचा! पुढल्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने आपल्या याच चेपॉकच्या मैदानावर मद्रासला हरवून सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. आणि त्यानंतरच्या हंगामात हजारे बडोद्याकडून खेळू लागले. बडोदे संस्थानाने त्यांना सेवेत घेतले होते. बडोद्याने १९४२-४३ मध्ये पहिला करंडक मिळविला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. इकडे महाराष्ट्राला मात्र १९४०-४१ नंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत रणजी करंडक पुन्हा लाभला नाही. आजच्या काळात असे स्थलांतर झाले असते, तर केवढा गदारोळ उठला असता, याची वाचकांनीच कल्पना करावी.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांची कथा याहून विलक्षण. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या विक्रमाला अवघ्या नऊ धावा उणे असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. हेच निंबाळकर आपल्या कारकिर्दीत बडोदे, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान व रेल्वे अशा सहा संघांकडून खेळले.

आणि मद्रास? ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकवर मद्रास व म्हैसूर यांच्यात रणजी स्पर्धेचा पहिला सामना झाला आणि तो त्याच दिवशी संपला. मद्रासच्या त्या विजयात अकरा बळी घेणारे ए. जी. राम सिंग हे जन्माने अमृतसरचे. ते मद्रासचे झाले, त्यांची मुले मद्रासची झाली. १९५४-५५ मध्ये मद्रासने प्रथमच करंडक जिंकला, तो खुद्द इंदुरात होळकर संघाचा ४६ धावांनी पराभव करून. आणि त्या विजयाचे प्रमुख शिल्पकार होते राम सिंग यांचे पुत्र कृपाल सिंग. त्या सामन्यानंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून कायमचे गेले. एका शीख कुटुंबाने मद्रासला हे यश मिळवून दिले, हे आपण विसरता कामा नये.

नोकरीचा काळ

संस्थाने विलीन झाली आणि खेळाडूंचा राजाश्रय संपला. त्याची जागा रेल्वे, सैन्यदल, बँका आणि खाजगी कंपन्या यांनी घेतली. मुंबईत टाइम्स शील्ड स्पर्धेत टाटा, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक असे संघ परस्परांशी झुंजत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. चेन्नईतही पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना किंवा इंडियन ओव्हरसीज बँक यांचे बास्केटबॉल संघ नावाजलेले आहेत. त्यांतील खेळाडू आधी त्या संस्थेचे नोकर असतात. प्रस्तुत लेखकाची हयात केंद्र सरकारच्या सेवेत, बदलीच्या हुकमांबरोबर बिऱ्हाड हलवण्यात गेली असल्यामुळे या व्यवस्थेचे गुण त्याला ठाऊक आहेत. पगार थोडा, पण निश्चित. खेळण्याचे वय सरले तरी निवृत्तिवेतनाचा आधार. मात्र त्या काळीही ज्या संस्थेने नोकरी दिली, तिचाच पोशाख खेळाडूच्या अंगावर चढे, हे उघड आहे.

अदलाबदलीचे मूळ

आज ज्याला ‘ट्रेड’ म्हणतात, ती खेळाडूंची अदलाबदल ही रीत मूळ अमेरिकेतील. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तिने मोठे रूप धारण केले. गंमत अशी की, हा खेळ १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी वाय.एम.सी.ए.च्या शाळेत मुलांना हिवाळ्यात व्यायाम व्हावा म्हणून शोधून काढला. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासेत शारीरिक शिक्षणाचे जे महाविद्यालय स्थापन केले, तेही वाय.एम.सी.ए.चेच, नंदनममधून जाताना ते आपण नेहमी पाहतो. अशा सात्त्विक मुळातून निघालेल्या खेळात पुढे संघमालक खेळाडूंची परस्पर देवघेव करू लागले. १९६८ मध्ये विल्ट चेंबरलेनसारखा दिग्गज असाच फिलाडेल्फियाहून लॉस एंजेलिसला गेला. खेळाडूला मालकाच्या दावणीला बांधून ठेवणाऱ्या नियमांविरुद्ध ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० साली खेळाडूंनी दावा गुदरला. १९७६ मध्ये तडजोड होऊन त्यांना पुष्कळ मोकळीक मिळाली. तरीसुद्धा २०२५ च्या फेब्रुवारीत लुका डॉन्चिच या अव्वल खेळाडूला डॅलसच्या संघाने लॉस एंजेलिसकडे दिले, तेव्हा त्याला स्वतःला त्याची आगाऊ कल्पना नव्हती. आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगच्या नियमांत मात्र खेळाडूच्या संमतीवाचून अशी अदलाबदल होत नाही. हा फरक लहान नाही. संमतीने होते ते स्थलांतर. संमतीवाचून होते ती रवानगी.

चेन्नई, पुणे आणि पुन्हा चेन्नई

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. ‘लिलाव’ हा शब्दच आपल्या कानाला टोचतो. परंतु त्याच दिवशी पंधरा लाख डॉलरला घेतलेला रांचीचा महेंद्रसिंग धोनी पुढे या शहराचा ‘तला’, म्हणजे पुढारी, झाला, हेही खरे. चेन्नईने २०१०, २०११, २०१८, २०२१ व २०२३ अशी पाच अजिंक्यपदे मिळविली. मधल्या २०१६ व २०१७ या दोन हंगामांत संघावर बंदी होती. त्या काळात धोनी आणि प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांना कोठे आसरा मिळाला? आपल्या पुण्यात! पुण्याने पहिल्या वर्षी धोनीला कर्णधार केले, दुसऱ्या वर्षी काढून स्टीव्ह स्मिथला नेमले, २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने पराभव पत्करला आणि तो संघही तेथेच संपला.

पुण्याने या देण्याची परतफेड निराळ्या मार्गाने केली असे म्हणावेसे वाटते. पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड याला चेन्नईने २०१९ च्या हंगामासाठी वीस लाख रुपयांना घेतले. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा काढून स्पर्धेत सर्वांना मागे टाकले, आणि २०२४ मध्ये धोनीनंतर कर्णधारपद त्याच्याकडे आले. २०२५ मध्ये कोपराच्या दुखापतीने त्याला हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला आणि चेन्नईचा संघ प्रथमच तळाला गेला. तरीही जडेजा-सॅमसन अदलाबदल जाहीर झाली त्याच दिवशी, गायकवाडच कर्णधार राहील असे संघाने सांगून टाकले आणि त्याविषयीच्या वावड्यांना पूर्णविराम मिळाला. आणि जडेजा? २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा काढून त्याने या शहराला करंडक दिला. तो ज्या राजस्थानकडे गेला, तेथूनच २००८ साली त्याने प्रारंभ केला होता. त्याच्या जाण्याने ते दोन चेंडू पुसले जात नाहीत.

प्रशिक्षकांचे दैव

खेळाडूच्या मानाने प्रशिक्षकाचे आसन अधिक डळमळीत. चेन्नईचे पहिले प्रशिक्षक केप्लर वेसल्स एका हंगामानंतर गेले; २००९ पासून फ्लेमिंग यांच्याकडे ते काम आले आणि संघ तळाला गेल्यावरही त्यांना काढण्याची घाई झाली नाही. याउलट इंदुरात जन्मलेले व बंगळूरला वाढलेले, आपल्यासारख्याच परप्रांतीय मराठी घरातले राहुल द्रविड यांचे. २०२४ मध्ये भारताला विश्वचषक मिळवून दिल्यावर ते राजस्थानचे प्रशिक्षक झाले आणि एकाच हंगामानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या पदावरून दूर झाले.

परंतु बोधप्रद कथा मुंबईच्या चंद्रकांत पंडित यांची आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला. पुढल्या वर्षी अंतिम सामना गमावला आणि त्यांना निरोप मिळाला. ते नागपूरला गेले. ज्या विदर्भाने तोवर एकदाही करंडक पाहिला नव्हता, त्या विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा तो जिंकला; त्यांतील पहिला इंदूरच्या होळकर मैदानावर. नंतर ते मध्य प्रदेशाकडे गेले. १९९८-९९ मध्ये कर्णधार म्हणून बंगळूरला जो अंतिम सामना त्यांनी गमावला होता, तोच करंडक तेवीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशाला मिळवून दिला, आणि हरलेला संघ होता मुंबईचा! २६ मे २०२४ रोजी चेपॉकवर कोलकात्याने अजिंक्यपद मिळविले, तेव्हाही प्रशिक्षक पंडितच होते. वर्षभराने, २०२५ च्या जुलैत, कोलकात्याशीही त्यांची फारकत झाली. मुंबईचे जे नुकसान झाले, त्यातून विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचे कल्याण झाले, हे कोण नाकारील?

तात्पर्य

या साऱ्या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, खेळाडूंनी व शिक्षकांनी स्थलांतर करणे ही आजची विकृती नव्हे. नायडू, हजारे, निंबाळकर, राम सिंग यांनी तेच केले; आणि त्यामुळेच क्रिकेट दोनचार शहरांत कोंडून न राहता इंदूर, बडोदे, मद्रास येथे रुजले. बदलले आहे ते एवढेच की, पूर्वी हे व्यवहार दरबारात व कचेरीत होत, आता ते चव्हाट्यावर होतात. त्यामुळे अफवांनाही ऊत येतो आणि तरुण खेळाडूंची कुतरओढ होते. यशस्वी जयस्वालने २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जाण्याची परवानगी मागितली, आणि महिन्याभरात ती विनंती मागेही घेतली. तेवढ्या अवधीत त्याच्या हेतूंविषयी काय काय बोलले गेले!

दुसरी गोष्ट अशी की, निष्ठेची कसोटी जन्मगावावरून लागत नाही. जेथे गेलो, तेथे काय उभे केले, यावरून ती लागते. नायडूंनी इंदुरात संघ उभा केला, पंडितांनी विदर्भाला आत्मविश्वास दिला, राम सिंगांनी मद्रासला तीन पिढ्यांचे क्रिकेट दिले. केवळ धन घेऊन परत फिरणारा आणि मागे काही ठेवून जाणारा, यांतील भेद इतिहास बरोबर ओळखतो.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे मी याच दृष्टीने पाहतो. बदलीच्या हुकमाने किंवा पोटासाठी येथे आलेल्या माणसांनी ते उभारले, वाढविले, आणि त्यांतील कित्येक जण पुन्हा बदली होऊन निघूनही गेले. त्यांनी लावलेले झाड मात्र येथेच आहे. त्याच्या सावलीत बसणाऱ्या नव्या पिढीने चेन्नईचा विजय मनापासून साजरा करावा, आणि गायकवाडच्या शतकाला चार टाळ्या जास्त वाजवाव्यात. त्यात विसंगती काहीच नाही.