पंडिता रमाबाई आणि दोन दुष्काळ

दुष्काळांत ख्रिस्ती झालेला मनुष्य भाकरीसाठीं ख्रिस्ती झाला, असें म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. उलटपक्षीं, संकटें आलीं म्हणजे श्रद्धा आपोआप पक्व होते, असें धर्मोपदेशक सांगतात. हीं मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी दोहोंत दोष एकच आहे. दुःखाचा परिणाम काय झाला हें त्या त्या मनुष्याच्या चरित्रावरून न पाहतां अगोदरच ठरविलेलें असतें. शिंदखेड्यास बसून आम्ही हा विषय घेतों, कारण दुष्काळ खानदेशास केवळ पुस्तकांतून ठाऊक झालेला नाहीं. ज्यास गुजराथेंत संवत् १९५६ वरून ‘छपनियो’ म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळाची झळ ह्या जिल्ह्यासहि लागली. त्याच दुष्काळांत शेंकडों निराधार मुलींस आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर दुष्काळाचा घाला दोन वेळां पडला. पहिल्यानें त्यांची श्रद्धा मोडली. दुसऱ्यानें ती पिकविली. असें कां व्हावें, ह्याचा येथें विचार करावयाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीस संस्कृत शिकविणारे विद्वान् होते. तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हें कुटुंब हिंडत असे. १८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळानें त्यांस गांठलें. जवळचें द्रव्य त्यांनीं दानधर्म, स्नानें व अनुष्ठानें ह्यांत वेंचलें, कीं देव प्रसन्न होऊन संकट निवारील. तें निवारलें नाहीं. वडील, आई व थोरली बहीण थोडक्या काळांत गेलीं. आईच्या तिरडीस खांदेकरी पुरे मिळेनात. रमाबाईंस स्वतः भार उचलावा लागला, आणि उंची कमी म्हणून तो डोक्यावर घ्यावा लागला. बंधु श्रीनिवास व रमाबाई ह्यांचा अनुष्ठानांवरील विश्वास ह्या अनुभवांतच सुटला. म्हणजे पहिल्या दुष्काळाचें फळ ख्रिस्ती श्रद्धा नव्हे, तर अश्रद्धा होय. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आधार तुटलेल्या विधवेनें आसरा शोधिला, असें येथें कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रव्यवहार पाहतां तें टिकत नाहीं. ज्या मठवासिनींच्या अन्नावर त्या होत्या, त्यांच्याशींच त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालीत. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा प्रश्न करीत. पोटार्थी मनुष्य अन्नदात्याशीं असा भांडत नाहीं.

तथापि ही श्रद्धा अद्यापि बुद्धीची होती. १९०७ सालच्या आपल्या निवेदनांत बाई स्वतःच सांगतात कीं, ख्रिस्ती धर्म आपणांस आधीं सांपडला, खुद्द ख्रिस्त मात्र पुढें सुमारें आठ वर्षांनीं. ह्या अवधींत त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें आणि पुढें पुण्यास नेलें. १८९३ सालीं मुलींस ख्रिस्ती करण्यावरून वादळ उठलें. पालकांनीं मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले. लोकाश्रय असा गेला.

अशा स्थितींत १८९६-९७ चा दुष्काळ आला. अमेरिकेंतील मंडळानें कबूल केलेल्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, व पुण्यांत प्लेग होता. बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगाच्या निर्बंधांमुळें इतक्या जणींस पुण्यांत ठेवितां येईना, तेव्हां केडगांवच्या शेतावर वस्ती करण्यांत आली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारें दीड हजारांवर गेली. स्वतःच्या मुलपणच्या उपासाचें स्मरणच आपणांस ह्या कामीं घेऊन गेलें, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

आतां दोन्ही प्रसंग ताडून पाहावे. पहिल्या वेळीं श्रद्धा हा एक व्यवहार होता. अनुष्ठान द्यावयाचें आणि पर्जन्य, धान्य घ्यावयाचें. व्यवहार फसतांच श्रद्धा गेली. दुसऱ्या वेळीं देवाजवळ स्वतःसाठीं मागणें उरलें नव्हतें. जुनी भूक परक्यांच्या भुकेची ओळख होऊन आली. भागवतांत कुंती श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागते, कारण विपत्तींत त्याचें दर्शन घडतें. पौलहि रोमकरांस लिहितांना दुःखापासून धीर, धीरापासून कसोटीस उतरलेलें शील व त्यापासून आशा असा क्रम लावतो. आमच्या मतें ह्या क्रमांतील मधली पायरीच महत्त्वाची आहे. दुःख सर्वांस येतें. धीर मात्र तें दुःख दुसऱ्याच्या उपयोगीं लाविल्यावांचून येत नाहीं. अर्थात् बाईंच्या श्रद्धेवरून त्यांनीं आणिलेल्या प्रत्येक मुलीच्या श्रद्धेचा निर्णय करणें युक्त नव्हे. त्यांतील कित्येक अजाण होत्या, आणि अन्न देणाराचा धर्म त्यांनीं घेतला हा आक्षेप केवळ द्वेषमूलक म्हणतां येत नाहीं.

शेवटची कसोटी १९२१ सालीं झाली. संस्थेचा भार जिच्यावर सोंपवावयाचा ती मनोरमा निवर्तली. बाई तेव्हां हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करीत होत्या. तें काम त्यांनीं टाकलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या व १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. शास्त्र्याच्या कन्येनें संस्कृतप्रचुर भाषा बुद्ध्या टाळून बायाबापड्यांस कळेल अशी भाषा योजिली, ह्यांतच तिच्या श्रद्धेचें वय दिसतें.

खानदेशांतील दुष्काळग्रस्तांचा, ख्रिस्ती झालेल्यांचा व न झालेल्यांचाहि, असाच तपशीलवार इतिहास झाला पाहिजे. जुन्या घराण्यांत किंवा मिशनच्या ठाण्यांत त्या वर्षांचे कागद कोणाजवळ असतील, तर त्यांनीं ते उजेडांत आणावे, अशी विनंती आहे.